उभ्या पिकात शिरलेला रोलर

अन्याय झाला तो माझ्या घरमालकांवर, त्यांच्या बायकोवर आणि फुलंब्रीच्या रस्त्यालगतच्या एका गावातल्या आणखी दहा घरांवर. कधी झाला तेही सांगतो, कारण कचेरीत ‘साधारण त्या सुमारास’ असं म्हटलं की ऐकणारा लगेच टाक खाली ठेवतो. लढाईचे दिवस होते. पौष महिना, मंगळवार, न्याहारीची वेळ. ज्वारी हुरड्यात आली होती. बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटलेली, पहिली कणसं तिच्यात खुपसलेली, तेवढ्यात मावळतीकडून वाफेचा रोलर आला आणि बांधापाशी थांबला नाही. रोलरमागे टोपीवाला गोरा साहेब, साहेबामागे निजाम सरकारचा अंमलदार आणि अंमलदारामागे मुरमाच्या गाड्या. शिकाऊ वैमानिकांसाठी मैदान हवं होतं. अंमलदार म्हणाला, ‘‘लढाई संपली की जमीन परत.’’ लढाई संपली. साहेब गेला. पोलीस ॲक्शन झाली, अंमलदाराचं सरकार गेलं. जमीन अजून परत यायची आहे.

आता माणसाबद्दल.

मी त्यांना मामा म्हणायचो. सगळेच म्हणायचे. लासूर स्टेशनहून मी औरंगाबादला कॉलेजात आलो तेव्हा गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांच्या माडीवरची खोली मिळाली. धावपट्टीखाली गेली ती जमीन सोडून गावाकडं त्यांचा एक पट्टा उरला होता. तो कसायला ते सकाळच्या पहिल्या मोटारीनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. उंच, हडकुळे, आणि मान कायम वर. ऐन लढाईत वर्षानुवर्षं आभाळातल्या विमानांकडं बघून ती तशीच राहिली होती. गुलमंडीतनं चालताना ते हातगाड्यांवर आदळायचे, झोपलेल्या कुत्र्यांवर पाय द्यायचे, आणि वर शिव्या कुत्र्यालाच. मामी म्हणायच्या, ‘‘इमानं खाली उतरली, पण ह्यांची मान काय उतरली नाय.’’

पहिल्या महिन्यात मी भाड्याचं विचारलं. मामा म्हणाले, ‘‘भाडं ऱ्हाऊ दे. भिंतीवर चिकटवलेलं तुझं पत्रक वाचलं म्या. तू माझ्या वतीनं भांड. मला भांडता येत नाय, अन् तुला दुसरं काय येत नाय.’’

हा करार मला मान्य होता. अजूनही आहे. हे लिहितोय ते त्याच करारापोटी.

मामांचा पोशाख सांगितल्याशिवाय माणूस कळायचा नाही. गावाजवळच्या त्या विमानांच्या अड्ड्यावर उंच खांबाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असायची, लांब, हत्तीच्या सोंडेसारखी, पांढऱ्या-केशरी पट्ट्यांची. लष्कर गेलं तेव्हा खुर्च्या, पत्रे, दिवे सगळं ज्याच्या हाती लागलं त्यानं नेलं. मामांनी ती पिशवी काढून आणली आणि शिंप्याकडून तिची बंडी शिवून घेतली. जाड, मेणकट कापड. उन्हाळ्यात आत माणूस उकडायचा. पण कलेक्टर कचेरीत जायचं असलं की मामा तीच घालायचे. मी म्हणालो, ‘‘मामा, सर्कशीतला माणूस वाटता.’’

‘‘वाटू दे. लांबून दिसतो ना? साध्या बंडीत गेलो की शिपाई बघूनसुद्धा बघत नाय.’’

आणि खरंच, त्या बंडीला कचेरी ओळखायची. तहसिलीतला म्हातारा पेशकार त्यांना दारात पाहिलं की हाक मारायचा, ‘‘आओ मामू! आज हवा किधर की है?’’ मामा गंभीरपणे म्हणायचे, ‘‘आज तुमच्या साहेबाकडनं. काय चांगला वास येईना.’’ पेशकार पोट धरून हसायचा आणि दरख्वास्त गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचा. हसवणाऱ्याचं काम लवकर होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हसवणाऱ्याला पुन्हा पुन्हा बोलावतात, एवढंच.

मामांचं खरं वेड म्हणजे परीक्षा घेणं. लढाईच्या दिवसांत पिवळी दुपंखी विमानं दिवसभर उडायची, उतरायची, पुन्हा उडायची. जमीन गेलेले बाकीचे लोक घरात बसून कपाळ बडवत होते. मामा मात्र आपल्या उरलेल्या बांधावर उकिडवे बसून एकेका विमानाचा निकाल लावायचे. टेकताना एकदाच उसळलं तर पास. पुन्हा उसळलं तर नापास. उडणाऱ्याला ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही मोठ्यानं ओरडून सांगायचे, ‘‘नापास! घरी जा! बापाला सांग, किराणा दुकान काढून द्या म्हणून!’’

एकदा एक विमान धावपट्टी चुकून थेट मामांच्या उरलेल्या हरभऱ्यात घुसलं. आतून मिसरूडही न फुटलेला एक पंजाबी पोरगा उतरला. गाव काठ्या घेऊन धावलं. आधीच एवढी जमीन गेलेली, त्यात हे. मामांनी सगळ्यांना अडवलं, पोराला बांधावर बसवलं, ताक पाजलं आणि गावाला म्हणाले, ‘‘शिकाऊ हाय. सांभाळून घ्या.’’

हे वाक्य त्यांनी पुढं कुणालाही लावलं. नव्या न्हाव्याला, नव्या सुनेला, नव्या पोस्टमनला. पोलीस ॲक्शन झाली आणि तहसिलीवर नवा झेंडा चढला तेव्हा मी माडीवरून खाली धावत आलो, म्हणालो, ‘‘मामा, आता आपलं सरकार! आता जमीन परत!’’ मामा अंगणात दाढी करत होते. आरशात बघतच म्हणाले, ‘‘शिकाऊ हाय रे. सांभाळून घ्यावं लागंल.’’

मला राग आला होता. आता येत नाही, म्हणजे मामांचा येत नाही. सरकारचा दर आठवड्याला नव्यानं येतो.

लष्कर उठून गेल्यावर त्या अड्ड्याचं काय काय झालं ते बघा. पत्र्याच्या बराकीत आधी मेंढरं आली, मग एका ठेकेदाराचे बांबू. शहरातले हौशी लोक मोटार हाकायला शिकायला येऊ लागले, कारण आपटायला तिथं काहीच नव्हतं. मामा त्यांचेही निकाल लावायचे. एका वकिलाला त्यांनी इतक्यांदा नापास केलं की त्यानं शेवटी मोटार विकून टांगा ठेवला. टेहळणीचा मनोरा होता, वर काचेची खोली. काचा गेल्या, खोली राहिली. मामांनी तिचं मचाण केलं. ज्वारी दाण्यावर आली की वर चढून गोफण फिरवायचे. शेजाऱ्यांचीही पाखरं हाकायचे. ज्या जागेवरून कधीकाळी शिकाऊ पोरांना हुकूम सुटायचे तिथून आता ‘‘हाऽऽ! हाऽऽ!’’ असा आवाज निघायचा, आणि मला विचाराल तर आधीच्या हुकमांपेक्षा या हुकमाचं पोट भरण्याशी जास्त नातं होतं.

पण सगळ्यांत मोठा उपयोग म्हणजे खळं. ज्याची जमीन धावपट्टीखाली गेली त्याला निदान धावपट्टी तरी मिळावी की नाही? चोपून घट्ट केलेली, सपाट, सारवायची गरज नाही, वारं मोकळं. आजूबाजूच्या गावांची मळणी तिथं होऊ लागली. मामा खळ्याचे कडक होते. चपला काढून यायचं. रासेसमोर ‘संपलं’ हा शब्द काढायचा नाही. रास मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘बरकत’ म्हणायचं. आणि रासेभोवती राखेचं रिंगण. बाकीचे चिमूटचिमूट राख सोडायचे. मामांना बराकीत लष्करानं टाकलेला चुना सापडला होता. त्यांनी सढळ हातानं असं रिंगण काढलं की ते चंद्रावरूनही दिसलं असतं.

चंद्रावरून नाही, पण विमानातून दिसलं.

ते उपमंत्री होते. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही, त्यांनाही नक्की आठवत नसेल. हैदराबादहून छोट्या विमानानं येणार होते. शहराजवळच्या मैदानावर हार, बँड, शाळेची पोरं सगळं तयार. विमान चालवणारा नवखा. त्याला वरून एक धावपट्टी दिसली, तिच्यावर ठसठशीत पांढरं वर्तुळ दिसलं आणि वर्तुळाभोवती माणसं दिसली. त्याला वाटलं, स्वागत. उतरला.

मी त्या दिवशी खळ्यावर होतो. वारं पडून तीन-चार दिवस झाले होते. मळलेल्या ज्वारीचा ढीग तसाच पडून, बायका सुपं घेऊन बसलेल्या, उपणायला झुळूक नाही. विमान धावत येऊन रासेच्या अलीकडं वळलं, पंखा फिरत होता, आणि त्याच्या पाठीमागं असं वारं सुटलं की मामींच्या सुपातलं भूस उडून पार बराकीवर गेलं. दाणे सरळ खाली.

मामांनी ते पाहिलं. क्षणभरच. मग दोन्ही हात वर करून विमानासमोर धावले.

‘‘बंद करू नका! बंद करू नका, साहेब! फिरू द्या जरा!’’

चालवणारा काचेतून डोकं काढून ओरडला, ‘‘क्या हुआ? आग लगी है क्या?’’

‘‘आग नाय, वारं लागलंय! फिरू दे, बेटा! बायांनो, उठा की!’’

बायका उठल्या. शेपटामागं जरा लांब रांग धरून सुपं वर धरली. पोरगा बावचळला होता, मामांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या बंडीकडं पाहून त्याला हा कुणी अड्ड्याचा अधिकारी वाटला असावा. त्यानं पंखा फिरत ठेवला. उपमंत्री आत अडकले, कारण पंखा फिरतोय तोवर उतरता येईना. काचेतून त्यांचं तोंड दिसत होतं. ते आधी हात जोडून हसले. मग नुसतेच हसले. मग हसू गेलं.

ढीग निम्मा उपणून झाल्यावर मामांनी हात खाली केला. उपमंत्री उतरले. मामा म्हणाले, ‘‘जोडे काढा, साहेब. खळं हाय.’’ आणि काढले की हो त्यांनी! मोज्यांवर उभे राहिले, धोतर सावरत. मामांनी त्यांच्या उपरण्यात सूपभर ज्वारी ओतली, कारण खळ्यावरून कुणाला मोकळ्या हातानं जाऊ द्यायचं नसतं, आणि म्हणाले, ‘‘ही जमीन आमची हाय. सरकारला सांगा.’’

‘‘मीच सरकार आहे,’’ उपमंत्री म्हणाले.

मामांनी त्यांना वरपासून मोज्यांपर्यंत पाहिलं. ‘‘मग सोपं झालं. स्वतःलाच सांगा.’’

पुढं काहीच झालं नाही. मी दोन पत्रकं काढली. कचेरीतून तोंडी उत्तर आलं की असं कुठलंही विमान अशा कुठल्याही ठिकाणी उतरलेलं नाही. मामा म्हणाले, ‘‘मग आमची ज्वारी कुणी उपणली? मारुतीनं?’’

हे हसण्यासारखं आहे, हसा. पण हसून झालं की पुढचं नीट वाचा, कारण आता कामाची गोष्ट येते.

ज्या रोलरनं हुरड्यातली ज्वारी चिरडली तो रोलर लष्कर तिथंच टाकून गेलं होतं. बॉयलर फुटका, चाकं शाबूत. मामांनी काय केलं? लोहाराकडून साखळी आणली आणि तो अवाढव्य रोलर बांधावरच्या बाभळीला बांधून टाकला.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा कामातून गेला. विचारलं, ‘‘मामा, हा काय पळून जाणार आहे?’’

‘‘तू गावचा नं? मग दुसऱ्याचा बैल तुझ्या उभ्या पिकात शिरला तर काय करशील?’’

‘‘कोंडवाड्यात घालीन.’’

‘‘अन् मालक आल्यावर?’’

‘‘तो कबूल करेल की बैल माझा आणि तुमच्या पिकात शिरला. मग सोडीन.’’

‘‘मग आता मला कशाला इचारतो? ह्यो उभ्या पिकात शिरला. म्या कोंडला. मालक आला अन् कबूल झाला की सोडीन.’’

पाच-सहा वर्षं तो रोलर कोंडवाड्यात होता. मामा त्याला पाणी दाखवायचे असं गावातली पोरं सांगतात, ते खोटं आहे. पण येता-जाता त्याच्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, ‘‘तुझा काय दोष? तुला हाकलं तसा तू आला.’’ हे मात्र मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

शेवटी मालक आला. फुलंब्रीकडचा रस्ता रुंद करायचा होता, रोलर कमी पडत होते. कुणाच्या तरी ध्यानात आलं की सरकारचा एक रोलर माळावर गंजत पडलाय. बॉयलर बदलून चालेल. बांधकाम खात्याचा एक तरुण इंजिनियर ट्रक, लोखंडी दोर आणि मजूर घेऊन आला. साखळी पाहून हसला. मजुरांना म्हणाला, ‘‘तोडा.’’

मजूर हलेनात. ते काही मामांच्या गावचे नव्हते. कुणी लासूरकडचे, कुणी पैठणकडचे. त्यांना मामांशी काही देणं-घेणं नव्हतं. पण बाभळीशी रिंगण करून जमलेली माणसं, मामा, साखळी हे सगळं पाहून त्यांच्यातल्या एका पैठणकडच्या मुकादमानं विचारलं, ‘‘कोंडलंय का?’’

‘‘व्हय,’’ मामा म्हणाले. ‘‘ज्वारीत शिरलं होतं. हुरड्याच्या.’’

मुकादमानं पहार खाली ठेवली. ‘‘साहेब, कोंडलेलं हाय. तुमी कबूल व्हा, मग आमी सोडवतो. असं कसं तोडायचं?’’

‘‘अरे, हा रोलर आहे! बैल आहे का?’’

‘‘बैलानं एवढी ज्वारी खाल्ली नसती, साहेब,’’ मुकादम म्हणाला.

ऊन चढत होतं. ट्रक उभा, मजूर बिड्या ओढत बसलेले. इंजिनियर वाईट माणूस नव्हता. नोकरी नवी, कपडे पांढरे, वर रस्त्याची घाई करणारा साहेब. मामा गावाला म्हणालेही, ‘‘शिकाऊ हाय, चिडू नका.’’ शेवटी तो वैतागून रोलरवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाला, ‘‘बरं बाबा, कबूल! हा रोलर सरकारचा. तुमच्या उभ्या ज्वारीत शिरला. चूक झाली. झालं समाधान?’’

मामांनी किल्ली काढून कुलूप उघडलं. साखळी गोळा केली. इंजिनियरनं खिशाकडं हात नेत विचारलं, ‘‘दंड किती?’’

‘‘दंड नको. कबूल झालात, पोचलं.’’ मग त्याला गूळ-पाणी दिलं. मजुरांनाही दिलं.

त्या संध्याकाळी मामा शहरात आले ते मोटारीतून उतरल्यापासून घरापर्यंत कुणावरही आदळले नाहीत. मला म्हणाले, ‘‘झालं रे काम. सरकार चार माणसांत बोललं की ज्वारी उभी होती. म्हंजी शेत होतं. म्हंजी आमचं होतं.’’

मला तेव्हाच सांगायला हवं होतं की कचेरी कोंडवाड्याच्या कायद्यानं चालत नाही. पण त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडाकडं बघून कुणालाच ते सांगता आलं नसतं.

थोड्याच दिवसांत जाहीर झालं की अड्ड्यावर तारेचं कुंपण पडणार. काहीतरी शिकवायची नवी संस्था निघणार आहे म्हणे. मी तहसिलीत हरकत घेतली. चौकशी लागली. अंमलदार नवे, चष्मेवाले, बोलायला सभ्य. म्हणाले, ‘‘ही जमीन मुळात गायरान होती. पडीक. कुणाची खाजगी नव्हती. त्यामुळे परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’’ जुने कागद विचारले तर ते हैदराबादला आहेत, आणि हैदराबादला विचारलं तर ते औरंगाबादला आहेत.

गायरान! चिरडलेल्या हुरड्याला गायरान म्हणतात हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मामा बंडी घालून उभे होते. म्हणाले, ‘‘तुमच्या इंजिनियरला इचारा. तो कबूल झालाय.’’

इंजिनियरला बोलावलं. आला, मामांकडं न बघता म्हणाला, ‘‘ती थट्टा होती. मजूर खोळंबले होते म्हणून बोललो.’’

मामा हळू आवाजात म्हणाले, ‘‘नापास.’’ एवढा हळू निकाल त्यांनी कधीच दिला नव्हता.

मग मामी पुढं आल्या. अंमलदारांनी विचारलं, ‘‘तुम्ही काय पाहिलं, बाई?’’

‘‘पाहिलं काय म्हंता, साहेब? मी हुरडा भाजत होते. रोलर आगटीवरनं गेला. माझ्या हातात कणीस तसंच ऱ्हायलं.’’

अंमलदारांनी ते लिहून घेतलंच. पण मग म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही हितसंबंधी आहात. ही दहा घरंही हितसंबंधी. जमीन मिळाली तर तुम्हालाच मिळणार. मला असा साक्षीदार आणा ज्याला यातून काही मिळणार नाही. त्यानं सांगितलं की तिथं उभं पीक होतं, तर मी वर तसं कळवीन.’’

यात वावगं काही नाही हे मलाही मान्य करावं लागतं. शिव्या द्यायला मी तयार होतो, पण त्या माणसानं ती सोय ठेवली नाही.

हक्क नाही, पण मेहेरबानी म्हणून मामांना दुसरीकडं, दूर डोंगराच्या कडेला जमीन देऊ केली होती. मामा एकदा जाऊन पाहून आले. म्हणाले, ‘‘दगडं चांगली हायेत. पण मला दगडं पिकवता येत नाय.’’ त्यानंतर ते साक्षीदार शोधायला लागले. मुरूम वाहणाऱ्या गाड्या लढाईच्या दिवसांत चहूबाजूंनी आल्या होत्या. फुलंब्रीच्या बाजारात, लासूरच्या आडतीपाशी, पैठणच्या घाटावर ती पांढरी-केशरी बंडी घालून मामा उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, ‘‘तुमी अड्ड्याच्या कामाला होता का?’’ पुष्कळांनी मान डोलावली. पुष्कळांनी चहा पाजला. सगळे म्हणाले, ‘‘व्हय की मामा, ज्वारी होती, आमाला ठाव हाय.’’ तहसिलीत कुणी आलं नाही. कुणाला कामाचा खाडा नको होता, कुणाला सरकारशी वाकडं नको होतं. मामा परत येऊन एकेकाचा निकाल सांगायचे, पण ‘नापास’ कुणालाच म्हणाले नाहीत. म्हणायचे, ‘‘यील. त्याला टाइम लागंल.’’

या श्रावणात दोन दिवसांच्या तापात मामा गेले. जाताना काही थोर बोलले नाहीत. बराकीवरचा पत्रा सुटलाय, कुणाच्या तरी डोक्यात पडंल, तेवढा बघून घे, असं मला म्हणाले. मी जाऊन तो ठोकून आलो. उतरताना धावपट्टीच्या कडेला कुंपणाचे लोखंडी खांब रचलेले दिसले. अजून पुरलेले नाहीत. चौकशीचा शेवट व्हायचा आहे म्हणून थांबलेत.

तो शेवट येत्या सोमवारी आहे. कचेरी उघडल्यावर मामी आत जातील, ती दहा घरं जातील, मी जाईन, आणि आमचं कुणाचं काही धरलं जाणार नाही. मी तर त्यांच्या घरात फुकट राहिलेला माणूस, माझी साक्ष कशाला धरतील? ज्याला यातून काही मिळणार नाही असा कुणी त्या दिवशी तिथं उभा राहिला नाही तर संध्याकाळपर्यंत ती जमीन कायमची गायरान होईल आणि मंगळवारी खांब पुरले जातील. मामींना डोंगराच्या कडेची दगडं मिळतील.

म्हणून हे तुम्हाला सांगतोय. तुम्ही, ज्यांनी तिथं मुरूम टाकला. तुम्ही, ज्यांची बैलगाडी ज्वारीतून गेली आणि ज्यांनी उतरून बैलांच्या तोंडातलं कणीस ओढून काढलं. तुम्ही पैठणकडचे मुकादम, इंजिनियर कबूल झाला तेव्हा तुम्ही बाजूला उभे होतात. आणि तुम्ही, ज्यांनी स्वतः काही पाहिलं नाही पण ज्यांच्या घरात त्या कामावर गेलेला बाप, चुलता, सासरा अजून बसलेला आहे: आज जेवताना त्याला विचारा, आणि सोमवारी त्याला हाताला धरून तहसिलीत आणा.

भाषण करायचं नाही. सरकारला शिव्या द्यायच्या नाहीत, ते काम माझं. उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘‘तिथं ज्वारी होती. मी पाहिली.’’ एवढंच.

यातून तुम्हाला एक ढेकूळसुद्धा मिळणार नाही. म्हणूनच तुमचं ऐकलं जाईल. या.